घोरतायत हो ते

पहाटेचे चार वाजून गेले की आमच्या नियंत्रण कक्षात फोन कमी होतात, आणि जे येतात ते बहुतेक खरे असतात. संध्याकाळचे कितीतरी फोन खिशात दाबले गेलेले, पोरांनी खेळताना लावलेले, नाहीतर "लाइट कधी येणार?" विचारणारे. पहाटे उठून गंमत म्हणून सहसा कुणी फोन लावत नाही.

त्या रात्री मी कॉल घेत होते आणि गाड्या पाठवणारा सहकारी माझ्या डावीकडे बसला होता. हेडसेटमध्ये बीप वाजला. लंडनमध्ये 1937 साली 999 हा आपत्कालीन नंबर सुरू झाला तेव्हा असा कॉल आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. आमच्याकडे नुसता बारीक बीप. पण इतक्या वर्षांनंतरही त्या आवाजाने माझी पाठ आपोआप ताठ होते.

"आपत्कालीन सेवा. पत्ता सांगा."

आमचा पहिला प्रश्न पत्त्याचाच. काय झालंय ते नंतर. लाइन मध्येच तुटली तर काय झालंय हे कळून उपयोग नसतो. कुठे ते कळलं तर निदान गाडी दारात जाते.

एका बाईचा आवाज होता. रस्त्याचं नाव नीट कळलं, घराचा नंबर हुंदक्यात गेला. एकोणसाठ म्हणाल्या की एकोणसत्तर? मराठी आकड्यांनी आमचा जीव खाल्लाय. शांतपणे बोलणारा माणूसही त्रेपन्न आणि त्रेसष्ट असे म्हणतो की ऐकणारा बुचकळ्यात पडावा. घाबरलेल्याचं काय सांगायचं. आणि मोबाइलवरून आलेल्या कॉलचं ठिकाण स्क्रीनवर प्रत्येक वेळी ठिपक्यासारखं नेमकं दिसत नाही, बऱ्याचदा वर्तुळ दिसतं. त्या रात्रीचं वर्तुळ एवढं मोठं होतं की 59, 69 आणि मागची अख्खी गल्ली त्यात आरामात बसत होती.

"ताई, एकेक आकडा सुटा सांगा."

"पाच... नऊ."

"पाच, नऊ. बरोबर?"

"हो हो, लवकर पाठवा ना! हे उठतच नाहीयेत!"

"हलवून बघितलंत?"

"हाका मारल्या, हलवलं. डोळेच उघडत नाहीत."

"श्वास चालू आहे?"

"हो, घोरतायत हो ते. जोरात घोरतायत."

मी टाइप केलं: बेशुद्ध, श्वास चालू. पुढचा प्रश्न वयाचा. त्यावर त्या भडकल्याच. "अहो, आधी गाडी पाठवा, चौकशा नंतर करा!"

हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. लोकांना वाटतं, मी प्रश्न विचारतेय तोवर गाडी अडकून पडलीये. खरं तर पत्ता नोंदला गेला की तो शेजारच्या स्क्रीनवर दिसतोच. मी "हलवून बघितलंत?" विचारत होते तेव्हाच सहकाऱ्याने जवळची गाडी काढलीसुद्धा होती. प्रश्न असतात ते गाडीत बसलेल्यांसाठी आणि फोन धरून उभ्या असलेल्या माणसासाठी. पण हे सगळं समजावत बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून एकच वाक्य ठरवलेलं असतं. "गाडी निघाली आहे, ताई. माझ्या प्रश्नांनी ती थांबत नाही." आवाज न चढवता तेच शब्द, त्याच क्रमाने. शब्द बदलले की समोरच्याला वाटतं, ही बाई टोलवाटोलवी करतेय. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कुठे त्यांना ऐकू गेलं.

मग वय. शुगर आहे का? बीपी? कुठल्या गोळ्या घेतात? आता त्यांना कुशीवर वळवायला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मला मागचा आवाज ऐकू आला.

घोरण्याला लय असते. ओढ असते, सोड असते. इथे नुसतं एकदा काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि मग काहीच नाही. त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, घरघर. हृदय थांबलं तरी मेंदूच्या बुंध्यात थोडा वेळ धुगधुगी राहते आणि माणूस असे आचके देतो. घरच्यांना वाटतं श्वास चालू आहे. त्या आचक्यांचा शरीराला काही उपयोग नसतो. छाती दाबायला कुणी सुरुवात केली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटत जाते.

"ताई, त्यांच्या तोंडाजवळ कान न्या. श्वास घेतला की प्रत्येक वेळी 'आता' म्हणा."

"आता."

मी स्क्रीनवरच्या घड्याळाकडे बघत बसले. चार. सात. दहा.

"आता."

अकरा सेकंद.

"हा श्वास नाही, ताई. आपल्याला त्यांची छाती दाबायची आहे. पलंगावर आहेत? खाली जमिनीवर घ्या."

"मला नाही उचलायचे हो ते, फार जड आहेत."

"उचलू नका. चादर धरून ओढा."

सरपटल्याचा आवाज, मग धप्प.

"अगं बाई! डोकं आपटलं त्यांचं!"

"आपटू दे."

चुकून कुणाला धक्का लागला तरी दोनदा सॉरी म्हणणारी बाई मी. एका बाईला तिच्या नवऱ्याच्या डोक्याबद्दल म्हणाले, आपटू दे.

फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवायला लावला. छातीच्या मधोमध एका तळहाताची मनगटाकडची बाजू, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि निदान पाच सेंटिमीटर खाली जाईल असा जोर. मिनिटाला 100 ते 120 वेळा. "माझ्याबरोबर मोठ्याने मोजा. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार." चारच्या पुढे आम्ही जातच नाही, दमलेल्या माणसाला पुढचे आकडे झेपत नाहीत.

मधेच लक्षात आलं, दाराला आतून कडी असणार. घरात दुसरं कुणी नाही. आत्ता कडी काढायला पाठवलं तर हात थांबणार, नाही पाठवलं तर गाडीवाले बाहेर दार वाजवत बसणार. मी सहकाऱ्याकडे बघितलं, त्याने चार बोटं दाखवली. म्हणजे चार मिनिटं. मी मोजत राहिले. तीन बोटं. दोन. बाईंचा आवाज आता धापेतच विरत होता. एक बोट दिसल्यावर म्हणाले, "उठा, कडी काढा, दार सताड उघडा, पळत परत या." गेल्या आणि आल्या. पुन्हा एक, दोन, तीन, चार. मग बुटांचे आवाज, "बाजूला व्हा ताई," आणि कुणीतरी पुरुष आमचंच मोजणं पुढे चालवतोय. मी लाइन सोडली.

वीसेक मिनिटांनी सहकारी म्हणाला, "नाडी आली. हॉस्पिटलला दिला." आमच्यापर्यंत येतं ते एवढंच.

चार दिवसांनी सुपरवायझर मॅडमनी तोच कॉल तपासणीला काढला. खोटं कशाला बोलू, शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा होती. रेकॉर्डिंग "घोरतायत हो ते"वर आलं आणि त्यांनी थांबवलं. मागे घेऊन परत लावलं. आता शांत खोलीत सगळं स्वच्छ ऐकू येत होतं: आचका, मग मोकळी जागा, मग आचका. तिथपासून पहिल्या "आता"पर्यंत 58 सेकंद. त्यात वय, शुगर, बीपी, गोळ्या आणि गाडी निघाल्याचं माझं ते वाक्य तीनदा.

"नंबरचा संशय आला तुला," मॅडम म्हणाल्या. "मग याचा का नाही आला?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी फॉर्मवर 'पत्त्याची खात्री'पुढे टिक केली, 'श्वासाची खात्री'पुढे 'उशिरा' लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली, हेडफोन काढायला लागले. त्यांनी मात्र स्वतःचे काढले नाहीत.

"थांब," त्या म्हणाल्या. "ते 'आपटू दे' परत लाव जरा."