गाडी एप्रिलमध्येच गेली होती

मी मोटर सर्व्हेअर आहे. म्हणजे गाडी ठोकली, जळली, बुडाली की इन्शुरन्स कंपनी ज्याला बघायला पाठवते तो माणूस. लोकांना वाटतं आम्ही पैसे कापायलाच येतो, आणि थोडं खरंही आहे ते. पण 2019 च्या ऑगस्टातली सांगलीची एक फाईल आहे, ती अजून डोक्यातून जात नाही.

त्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी 45 आहे, यावरून काय ते समजा. हायवे बंद, त्यामुळे मला पोचायलाच आठवडा गेला, आणि पोचलो तर मिरजेच्या एका वर्कशॉपच्या आवारात ओळीनं गाड्या, सगळ्यांवर एकाच रंगाचा चिखल, दार उघडलं की आतून असा वास की डोळ्यातून पाणी. बुडालेल्या गाडीत आम्ही आधी पाण्याची रेघ शोधतो. सीटपर्यंत आलं की डॅशबोर्डवर गेलं, सगळा हिशोब त्या रेघेवर. चासीस नंबरचा फोटो घ्यायलासुद्धा आधी बादलीभर पाणी ओतावं लागत होतं.

त्यात एक वॅगन आर होती, 2016 ची. मालक रिटायर्ड गणिताचे शिक्षक. फाईल घेऊन गाडीशेजारी उभेच होते, आणि फाईलमधले कागद एकेक करून इस्त्रीनं वाळवलेले, कडा पिवळ्या पडलेल्या. म्हणाले, "साहेब, पाणी गल्लीत शिरताना बघितलं तसा बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवला, आणि नंतर एकदाही चावी लावली नाही." खरं सांगतो, शंभरातले नव्वद लोक पाणी ओसरलं की पहिल्यांदा चावीच फिरवतात, इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर कंपनी ते नुकसान देत नाही. सरांनी यातली एकही चूक केली नव्हती. मला म्हणाले, "दुरुस्त होईल ना? मला हीच पाहिजे."

वर्कशॉपचं एस्टिमेट आलं 2,85,000. वायरिंग हार्नेस, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डॅशबोर्डखालचं सगळं इलेक्ट्रॉनिक, सीटा, कार्पेट, इंजिन-गिअरबॉक्स उघडून साफ करणं. सरांकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नव्हतं, त्यामुळे प्लॅस्टिक-रबराला 50 टक्के, धातूच्या पार्टला गाडीच्या वयानुसार 25 टक्के घसारा कापून माझा आकडा बसला 2,08,000. आता नियम असा की हा आकडा आयडीव्हीच्या (पॉलिसीत गाडीची जी किंमत धरतात तिच्या) 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेली असं धरून आयडीव्हीएवढे पैसे, दुरुस्तीचा विषय संपला. पॉलिसीवर आयडीव्ही होती 2,60,000, म्हणजे मर्यादा 1,95,000. तेरा हजारांनी गेली.

मी सरांना समजावून सांगितलं, की आयडीव्ही म्हणजे गाडी घेतलेली किंमत नाही, शोरूमच्या किमतीतून वयानुसार टक्के वजा करत जातात, तीन वर्षं उलटली की 40 टक्के जातात. ते शांतपणे ऐकत होते. मग फाईलमधून एक कागद काढला, एप्रिलमध्ये कंपनीनं पोस्टानं पाठवलेली रिन्यूअल नोटीस. शाई फुटलेली, पण आकडा दिसत होता. 3,02,000.

मी पॉलिसी बघितली, परत नोटीस बघितली. कळलंच मला. ऑनलाईन रिन्यू करताना आयडीव्ही कमी-जास्त करायची सोय असते, बोटानं डावीकडे सरकवली की प्रीमियम उतरतो.

सरांनी नोटिशीच्या मागं पेन्सिलीनं हिशोब मांडला. 3,02,000 चे 75 टक्के, 2,26,500. त्याखाली माझे 2,08,000 लिहिले आणि बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. मी काय बोलणार. गाडी पुरात नव्हे, एप्रिलमध्येच गेली होती.

रात्री पुण्याहून मुलाचा फोन. "सर, मीच भरली होती पॉलिसी मोबाईलवरून, सगळ्यात खाली नेऊन ठेवली, सहाएकशे रुपये वाचले होते, बाबांना प्लीज सांगू नका." मी म्हणलं अरे बाबा, ते गणिताचे मास्तर आहेत. पलीकडून काही आवाजच नाही. मग हळूच विचारलं, तुमचा आकडा थोडा खाली येईल का, तेरा-चौदा हजारच तर आहेत. नाही म्हणालो. एकतर फोटो आणि बिलं सगळी कंपनीकडे जातात आणि लायसन्स माझं आहे, आणि दुसरं म्हणजे दुरुस्ती पास झाली असती तरी एस्टिमेट आणि माझा आकडा यातले 77,000 सरांच्याच खिशातून गेले असते, आणि बुडालेली गाडी पुढं दोन वर्षं कुठला सेन्सर कधी दगा देईल सांगता येत नाही. मला विचाराल तर टोटल लॉसच बरा होता, फक्त 2,60,000 ऐवजी 3,02,000 वर.

पुढचं सगळं कागदपत्रांचं. सक्तीची वजावट 1,000 जाऊन 2,59,000, पण आरसी रद्द करून द्यायची आणि गाडीचा सांगाडा सॅल्व्हेजवाल्याला, म्हणजे अशा गेलेल्या गाड्या विकत घेणाऱ्याला. आरसी ठेवून गाडी ठेवायची असेल तर सॅल्व्हेजची बोली त्यातून वजा. बोली ऑनलाईन लागते, घेणारा कुठलातरी लांबचा, गाडी त्यानं फोटोतच बघितलेली. सरांनी आरसी रद्दचा पर्याय घेतला, एका मिनिटात, हिशोब न करता. मात्र आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच होतं, कर्ज आदल्या वर्षी फिटलेलं, बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणून फाईलला लावलेली पण आरटीओत कुणी गेलंच नव्हतं, आणि आता ती एनओसी म्हणजे कागदाचा लगदा. नाव तसंच राहिलं असतं तर पैसे आधी बँकेकडे वळले असते. डुप्लिकेट एनओसी, बँकेचं नाव काढायचा फॉर्म 35, आरटीओत पूरग्रस्तांची ही गर्दी, यातच महिना गेला. कर्ज फिटलं की हे काम त्याच आठवड्यात उरकून टाका हो, मी घसा कोरडा करून सांगतो, कुणी ऐकत नाही.

ट्रेलर गाडी न्यायला आला त्या दिवशी मी दुसऱ्या गाड्यांसाठी तिथंच होतो. सरांनी डिकीतून स्टेपनीखालचा जॅक काढला, मग परत आत ठेवला, म्हणाले गाडीबरोबर जाऊ दे. दहा नंबरचा पाना तेवढा खिशात टाकला. बॅटरीचा टर्मिनल काढलेला तोच.

त्यांनी दिवाळीत नवी गाडी घेतली. पुढच्या वर्षी रिन्यूअलच्या वेळी मला फोन, तेव्हा मुलगा वर्क फ्रॉम होम म्हणून सांगलीतच होता. "साहेब, आयडीव्हीचा आकडा वाचतो, बरोबर आहे का बघा." वाचला, मी बरोबर म्हणलं. मग फोन बाजूला धरून म्हणाले, "हां, भर आता. बोट लावू नको कुठं."