दहापैकी नऊ गुणांचा फूटपाथ

त्या फूटपाथला मी दहापैकी नऊ गुण दिले होते.

मुंबईजवळच्या एका शहरात रेल्वे स्टेशनच्या पूर्वेकडून वस्तीकडे जाणारा रस्ता. डाव्या हाताला एका सरकारी खात्याचं जुनं गोदाम आणि त्याच्या कंपाउंड वॉलला लागून तीन मीटर रुंद, सलग, एकही खड्डा नसलेला फूटपाथ. पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा मानक सांगतो. आमच्याकडच्या बहुतेक रस्त्यांवर त्याच्या निम्मीसुद्धा मिळत नाही. स्टेशन परिसर सुधारणेचा आराखडा मी करत होते. त्याच्या नकाशात त्या पट्ट्यावर मी हिरवा रंग भरला आणि पुढच्या रस्त्याला लागले. पाहणी केली होती सकाळी अकरा वाजता.

आराखडा पालिकेत सादर करण्याआधी एकदा रात्री बायकांबरोबर त्या भागातून चालायचं, हा माझा आग्रह होता. बायकांनी स्वतः रस्त्यावरून चालत जाऊन कुठे काय खटकतं ते टिपायचं, ही पद्धत १९८९ मध्ये कॅनडातल्या टोरांटोमध्ये मेट्रॅक या संस्थेनं बसवली. आपल्याकडे २०१३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या सेफ्टीपिन या अ‍ॅपनं तीच गोष्ट मोबाइलवर आणली. उजेड, मोकळेपणा, आपण कुणाला दिसतोय का, वर्दळ, चालायची वाट अशा नऊ निकषांवर तिथं जागेला गुण देतात. मी हे सगळं शिकले होते, इतरांना शिकवतही होते. तरी स्वतःच्या हाताखालच्या रस्त्यावर रात्री चालून बघितलं नव्हतं.

रात्री पावणेनऊला स्टेशनबाहेर आम्ही सात जणी जमलो. त्यात खाजगी हॉस्पिटलात आयाचं काम करणारी एक ताई होती, घरकामाला जाणाऱ्या दोघी होत्या, क्लासवरून परतणारी दहावीतली मुलगी आणि तिची आई होती, माझी सहकारी होती आणि मी. पालिकेचे एक कनिष्ठ अभियंताही आले होते. तरुण आणि मनापासून काम करणारे. हातात टेप घेऊन ते आमच्या थोडं मागे चालत होते.

गोदामाची भिंत सुरू व्हायच्या जरा आधी सगळ्या जणी रस्ता ओलांडून उजवीकडे गेल्या. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. घरकामवाल्या दोघी सुनेच्या डोहाळजेवणाबद्दल बोलत होत्या, ते बोलणंही तुटलं नाही. मुलीनं मोबाइलवरून नजर न उचलता आईबरोबर रस्ता ओलांडला. मीही ओलांडला. मग मागून हाक आली, "मॅडम, फूटपाथ इकडे आहे!"

वळून बघितलं तर त्या नऊ गुणांच्या फूटपाथवर अभियंता एकटेच उभे होते.

माझ्या अंगावर काटा आला. नकाशा मी काढला होता आणि माझे पाय त्या नकाशावर विश्वास ठेवत नव्हते. मी विचारलं, "आपण इकडे का आलो?" कुणालाच पटकन सांगता येईना. "इकडूनच जातात ना," घरकामवाल्यांपैकी एक म्हणाली. मुलगी म्हणाली, "आई सांगते, मावशींच्या गाडीवरून ये."

मावशी म्हणजे भाजीवाल्या मावशी. उजव्या बाजूला धड फूटपाथ नाही. गटारावरच्या फरशा आहेत, त्यातली तिसरी-चौथी हलते आणि रिक्षा कोपराला घासून जाते. पण तिथं मावशींची गाडी आहे, तिच्यावर बॅटरीचा दिवा आहे. पुढे मेडिकल आहे, पिठाची गिरणी साडेनऊपर्यंत चालू असते, इस्त्रीवाला आहे. माझ्या आराखड्यात या गाड्या दोनशे मीटर लांबच्या फेरीवाला क्षेत्रात हलवलेल्या होत्या, रस्ता मोकळा व्हावा म्हणून. ते ड्रॉइंग त्या क्षणी माझ्या पिशवीत होतं.

मी आयाताईंना म्हटलं, चला, पलीकडून एकदा चालून बघू. त्या तयार झाल्या, पण माझा दंड धरूनच. सकाळी जिथं मोकळी कडा होती तिथं आता टेम्पो उभे होते, एकाला एक चिकटून. एका बाजूला आठ फुटी भिंत, दुसऱ्या बाजूला टेम्पोंच्या ताडपत्र्या आणि मधे आम्ही. रस्ता दिसत नव्हता, रस्त्यावरच्यांना आम्ही दिसत नव्हतो. भिंतीला सबंध लांबीत ना दार, ना खिडकी. लघवीचा उग्र वास. दिव्याचे खांब होते की! पण नऊ मीटर उंच, हात डांबरी रस्त्याकडे वळलेले आणि वर पर्जन्यवृक्षाचा घेर. उजेड पडत होता तो झाडाच्या माथ्यावर आणि रस्त्यावर. उजेड मोजायचा लक्स मीटर जमिनीशी धरला तर आकडा दोनच्या वर सरकेना. आयाताई हळू आवाजात म्हणाल्या, "इथं मागून कुणी आलं, तर बाई, पुढेच पळायचं. बाजूला निघायला फटच नाही." मग मी फटी मोजल्या. सलग पाच टेम्पोंमध्ये माणूस निघेल अशी एकही नव्हती.

परत मावशींच्या गाडीशी आलो. मावशी दुपारी तीनला गाडी लावतात आणि दहाला आवरतात. चारनंतर पाणी प्यायच्या नाहीत. स्टेशनजवळच्या शौचालयात बायकांच्या बाजूला आठ वाजता कुलूप लागायचं, आतमध्ये झाडू आणि फिनेलचे कॅन ठेवलेले. पुरुषांची बाजू रात्रभर चालू. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतल्या बायका सार्वजनिक जागी बायकांना मुतारी मिळावी याच मागणीसाठी झगडल्या, सह्या गोळा केल्या, पालिकेचे उंबरे झिजवले. मावशींनी त्या मोहिमेचं नाव ऐकलेलं नव्हतं. दोन वेळा मूतखड्याचा त्रास होऊन गेला, एवढं त्यांनी गवार निवडता निवडता सांगितलं.

घरी येऊन मी आमचा सर्वेक्षणाचा फॉर्म काढला. त्यात एक रकाना 'कुठून' आणि एक 'कुठे'. आयाताईंचं उत्तर आमच्या सर्वेक्षणाच्या मुलानं लिहिलं होतं: स्टेशन ते घर, ९०० मीटर. त्या रात्री मी पाहिलं होतं ते असं. स्टेशन, गिरणीतून दळण, मेडिकलमधून सासूबाईंच्या गोळ्या, मग बहिणीकडून लेकराला उचलायचं आणि मग घर. खांद्यावर पर्स, कडेवर मूल, हातात पिठाचा डबा. व्हिएन्नात १९९९ मध्ये लोकांच्या प्रवासाची अशीच विचारपूस झाली, तेव्हा पुरुषांनी पाच मिनिटांत फॉर्म भरून दिले आणि बायकांचं लिहून संपेना. तिथल्या नियोजकांनी त्यावरून फूटपाथ रुंद केले, दिवे वाढवले, जिन्याशेजारी बाबागाडीसाठी उतार केला. हे मी वर्गात सांगायचे. आमचा फॉर्म मात्र दोन रकान्यांचाच राहिला होता.

पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत मी आधीचा नकाशा बाजूला ठेवला आणि बायका प्रत्यक्ष चालल्या ती रेघ दाखवली. अपेक्षित तेच ऐकायला मिळालं. फूटपाथ तर आहेच, मग वापरत का नाहीत? फेरीवाले हटवा, कॅमेरे बसवा. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण त्या बोळात कॅमेऱ्याला टेम्पोची ताडपत्रीच दिसली असती आणि दिसलं असतं तरी मदतीला धावणारं माणूस आपणच दोनशे मीटर लांब पाठवणार होतो. वाद वाढला तेव्हा ते कनिष्ठ अभियंता उठले आणि त्यांच्या वरिष्ठांना म्हणाले, "साहेब, मी त्या फूटपाथवर एकटाच होतो. एवढ्या जणी एकदम पलीकडे गेल्या, तर काहीतरी असणारच ना?"

गाड्या राहिल्या. हलणाऱ्या फरशा बसवल्या. डाव्या फूटपाथवर चार मीटर उंचीचे वेगळे दिवे लागले, झाडाच्या घेराखाली. शौचालय रात्री अकरापर्यंत उघडं राहतं, तिथं एक बाई नेमली आहे. टेम्पोंना संध्याकाळी सहानंतर मनाईचा फलक लागला. महिनाभर पाळला, आता दोन-तीन टेम्पो पुन्हा दिसतात, त्यासाठी माझी पत्रं चालू आहेत. भिंतीचा वरचा भाग काढून जाळी लावायला त्या खात्यानं फक्त चाळीस मीटरपुरती परवानगी दिली. उरलेल्या सत्तर मीटरची फाइल फिरते आहे.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम नऊच्या लोकलनं उतरले. क्लासच्या चार-पाच मुली डाव्या फूटपाथनं पुढे चालल्या होत्या, जाळीतून गोदामाच्या रखवालदाराची खुर्ची दिसत होती. जाळी जिथं संपते आणि आंधळी भिंत सुरू होते, तिथं त्या न बोलता रस्ता ओलांडून मावशींच्या बाजूला गेल्या.