फिलर सोडून दिले तर चालतील का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आणि तुम्ही एकटे नाही, मी पुण्यात जपानी शिकवते आणि दर नव्या बॅचमध्ये हिरागाना ही पहिली लिपी संपायच्या आत कोणीतरी हे विचारतंच, की सेन्सेई, नारुतो हे ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघायला घेतलंय, फिलर एपिसोड सोडले तर चालतील का, काही कळायचं राहणार नाही ना? चालतील. एक-दोन अपवाद वगळता बिनधास्त सोडा. पण एवढं सांगून मला थांबवत नाही, कारण या फिलरपायी चांगली मुलं चांगली गोष्ट अर्ध्यात टाकून देताना मी बघत आलेय आणि त्याचा मला खरंच त्रास होतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नारुतो, ब्लीच, वन पीस हे सगळं आधी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, म्हणून 'शोनेन जंप' या साप्ताहिकात आलं, आठवड्याला एक चॅप्टर, साधारण वीसेक पानांचा. टीव्हीवर पण आठवड्याला एक एपिसोड, आणि ओपनिंग-एंडिंग वगळून जी वीस मिनिटं उरतात त्यात दोन चॅप्टर सहज संपतात. म्हणजे ॲनिमे मांगाच्या मागून निघतं खरं पण पळतं जोरात, त्यामुळे आज ना उद्या ते मांगाला गाठणारच. गाठलं की पुढे काही लिहिलेलंच नसतं. खरं तर तेव्हा थांबायला हवं, पण टीव्हीवरची वेळ अशी सोडून देता येत नाही. नारुतोची पुढची मालिका शिप्पुदेन जपानमध्ये बरीच वर्षं गुरुवारी संध्याकाळी साडेसातला लागायचं, आपल्याकडे घराघरात मालिकांची जी वेळ तीच. ती जागा रिकामी ठेवायला कोण तयार होणार? मग मांगात नसलेली गोष्ट स्टुडिओतली माणसं स्वतः रचतात आणि मूळ लेखक पुढे जाईपर्यंत दिवस काढतात. हे फिलर.

आता नारुतोचं बघा. नायक नारुतोचा मित्र सासुके गाव सोडून निघालाय, त्याला परत आणायला पाच पोरं जातात, एकेक करत मागे पडतात, शेवटी धबधब्यापाशी नारुतो आणि सासुके एकमेकांसमोर उभे, आणि नारुतो हरतो. मित्र गेला. 135 व्या एपिसोडला हे संपतं, तुमच्या घशात आवंढा आहे, आणि 136 पासून 219 पर्यंत जवळजवळ सगळं फिलर! दीड वर्षाहून जास्त काळ जपानमधली पोरं हे दर आठवड्याला बघत होती. नारुतो इकडे जातो, तिकडे जातो, कोणाला तरी सोडवतो, कुठे करीच्या दुकानात जीव आणणारी करी खातो, आणि ज्याच्यासाठी एवढं रडलो त्या सासुकेची गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही.

लोकांना वाटतं फिलर वाईट लिहिलेले असतात म्हणून आपण चिडतो. मला ते पटत नाही. त्यातले काही चांगले लिहिलेले आहेत आणि ज्यांनी केले त्यांनी मान मोडून काम केलंय, ते त्यांच्या बाजूने मी वर्गातही बोलते. चीड येते ती वेगळ्या कारणाने. फिलरमध्ये कोणाचं काहीच कायमचं होऊ शकत नाही. कोणी मोठा होऊ शकत नाही, कोणी कोणाला दुखावू शकत नाही, नवं काही शिकला तर ते त्याला विसरावं लागतं, कारण पुढच्या खऱ्या चॅप्टरमध्ये त्याला आधी होता तसाच्या तसा उभा राहायचंय.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ब्लीचमध्ये आहे. सोल सोसायटीचा, म्हणजे आत्म्यांच्या जगातला, भाग 63 व्या एपिसोडला संपतो, इतका जबरदस्त भाग की आजही नवीन मुलांना मी तेवढ्यासाठी ब्लीच बघायला सांगते. त्यात नायक इचिगोचा सोबती इशिदा आपली सगळी शक्ती कायमची पणाला लावतो आणि गमावतो. बसतं ते मनात. मग 64 पासून बाउंट नावाच्या लोकांचा फिलर सुरू होतो, चाळीसहून जास्त एपिसोडचा, आणि त्यात इशिदाला काहीतरी काम तर हवं, म्हणून त्याला एक जादूचं कडं देतात, ते घातलं की शक्ती परत. आणि शेवटाकडे ते कडं मोडतं, कारण मूळ गोष्टीत त्याच्याकडे शक्ती नाहीये ना. म्हणजे त्या मुलाचा त्याग आधी पुसला, मग परत काढून ठेवला. एवढं सगळं रामायण घडून गेलं त्याचा पुढे कोणी शब्द काढत नाही. मला हे वेळ वाया जाण्यापेक्षा जास्त लागतं, कारण यात पात्राचा अपमान आहे.

पण बाउंट निदान एक पर्व संपल्यावर आले. अमागाई तर मधेच घुसला. इचिगो आणि बाकीचे त्यांच्या मैत्रिणीला, ओरिहिमेला, सोडवायला शत्रूच्या वाळवंटात गेलेत, लढाया ऐन रंगात, 167 वा एपिसोड संपतो आणि 168 ला अचानक सोल सोसायटीच्या तिसऱ्या तुकडीला अमागाई नावाचा नवा कॅप्टन येतो, आणि ओरिहिमे, जी पळवून नेलेली आहे, ती या सगळ्यांबरोबर आरामात हिंडतेय. काही खुलासा नाही. 189 पर्यंत हे चालतं, 22 एपिसोड, तेव्हाच्या हिशेबाने पाच महिने, आणि मग परत त्याच वाळवंटात. नारुतो शिप्पुदेनमध्ये महायुद्ध टोकाला पोचलेलं असताना सगळं जग स्वप्नात अडकतं, आणि 432 ते 450 आपण काय बघतो, तर गावाची प्रमुख त्सुनादे, तिच्या स्वप्नात तिने वाचायला घेतलेलं, नारुतोचा गुरू जिराया याचं पुस्तक. स्वप्नातल्या पुस्तकातली गोष्ट, एकोणीस एपिसोड.

वन पीसचं दुखणं निराळं. तिथे फिलर तुलनेने कमी, पण मूळ गोष्टीतच पाणी घालतात. ड्रेसरोझा नावाच्या पर्वाचे मांगात 102 चॅप्टर आहेत आणि ॲनिमेत 118 एपिसोड, म्हणजे एका एपिसोडला पूर्ण एक चॅप्टर पण नाही. मागचं पुन्हा दाखवायचं, प्रत्येकाचा दचकलेला चेहरा, परत धावणं, परत तोच चेहरा. फिलर निदान सोडता येतं हो, यातून काय सोडणार?

पण तुम्ही जेव्हा सरसकट सगळेच सोडू का विचारता तेव्हा मी नाही म्हणते. वन पीसमध्ये आकाशातलं बेट संपल्यावर 196 ते 206 असा जी-8 चा भाग आहे. जहाज आकाशातून खाली येतं ते थेट नौदलाच्या किल्ल्यात, आणि मग तिथून लपतछपत निसटायचं. हा चुकवू नका. तिथला प्रमुख जोनाथन शांत डोक्याचा, हुशार माणूस आहे, समोरच्याची चाल ओळखून खेळणारा, आणि नायक लुफीच्या टोळीतल्या प्रत्येकाला आपापल्या स्वभावाप्रमाणे काहीतरी करायला मिळतं. एक पर्व संपलंय, दुसरं सुरू व्हायचंय, कोणाचा जीव टांगणीला नाही, अशा जागी ही गोष्ट ठेवलीय म्हणून ती आडवी येत नाही. नारुतोचा 101 वा एपिसोड पण असाच, नारुतो, सासुके आणि साकुरा ही तिन्ही पोरं त्यांच्या काकाशी सेन्सेईच्या मास्कखालचा चेहरा बघायला धडपडतात, बस एवढंच. सासुके जायच्या आधी हे तिघं एकत्र हसत होते ते त्यात दिसतं, आणि पुढे सासुके जातो तेव्हा ते आठवून जास्त दुखतं. जपानी शिकणाऱ्यांना एक जास्तीचा फायदा, अशा एपिसोडमधलं बोलणं रोजचं असतं, लढाईतल्या भाषणांपेक्षा कानाला लवकर कळतं.

आता नवीन ॲनिमे सीझनमध्ये येतात, मांगा पुढे गेलं की मग पुढचा सीझन, त्यामुळे तुमच्या धाकट्या भावंडांना हा प्रश्न पडणार पण नाही कदाचित. ब्लीच 2012 मध्ये बंद झालं, मांगा 2016 मध्ये संपलं आणि शेवटचं पर्व 2022 पासून आलं, फिलरशिवाय. थांबल्याने लोक विसरले का? नाही विसरले. हे पाहिल्यावर तर त्या जुन्या एपिसोडांबद्दल जास्तच वाईट वाटतं.

माझा एक विद्यार्थी, कर्वेनगरला रूम घेऊन राहायचा, रात्री जेवताना रोज नारुतो बघायचा. 150 च्या पुढे कुठेतरी त्याने सोडलं. म्हणाला, सेन्सेई, हे आता कुठे जातच नाहीये. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हे लेखकाचं नाही. त्याच्या डोक्यात नारुतो म्हणजे एक चांगली सुरू होऊन भरकटलेली गोष्ट, आणि पुढे शिप्पुदेनमध्ये पेन नावाचा शत्रू गावावर चालून येतो, नारुतो त्याच्यासमोर बसून बोलतो, ते त्याने पाहिलंच नाही. त्या बोलण्यासाठी तर ही सगळी गोष्ट आहे असं मला वाटतं.

तर असे अर्ध्यात अडकलेले कोणी असाल तर हे करा. 135 नंतर थेट 220 लावा, त्यात नारुतो जिरायाबरोबर गाव सोडून शिकायला निघतो. मग शिप्पुदेन पहिल्यापासून, फिलरची यादी नेटवर सहज मिळते, ती शेजारी ठेवून. पेनचं पर्व 152 पासून सुरू होतं. फक्त 169 झाला की सांभाळा, गाव उद्ध्वस्त झालेलं असताना 170 आणि 171 मध्ये लहानपणीच्या नारुतोची एक खजिन्याची सफर घातलीय, ते दोन सोडून सरळ 172 वर जा आणि 175 पर्यंत त्या रात्री उठू नका.