आंघोळीचा हिशेब गीझरपासून

अंगाला आणि केसांना लावायच्या वस्तूंचा पर्यावरणावर काय परिणाम होतो, असा प्रश्न निघाला की आपण वेष्टन उलटे करून घटकांची यादी वाचू लागतो. ती जरूर वाचावी. मात्र माझ्या मते हा हिशेब गीझरपासून सुरू व्हायला हवा. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.३५ युनिट वीज लागते, तर मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली १० मिनिटे उभे राहिल्यास १.४ युनिट. आपली वीज अजूनही प्रामुख्याने कोळशावर तयार होते, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर चौघांच्या घरात महिन्याकाठी बादलीने ३० किलोच्या आसपास आणि शॉवरने त्याच्या चौपट वायू हवेत जातो. (तांब्याच्या बंबाची आठवण काढून हळहळणाऱ्यांनी त्याला लागणारी लाकडे आणि परसात कोंडणारा धूरही आठवावा.)

त्यानंतर साबण. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या प्रक्रियेतून होणारा साधा साबण सांडपाण्यातील जिवाणू लवकर विघटित करतात, हा त्याचा मोठा गुण आहे. त्याचे खरे ओझे आपल्या घरी येण्याआधीच पडलेले असते, कारण त्यासाठी लागणाऱ्या तेलात पामतेलाचा वाटा मोठा आहे. भारत हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार असून ते मुख्यत्वे इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, जिथे या लागवडीसाठी जंगले आणि दलदलीच्या जमिनी मोकळ्या केल्या गेल्या. त्यातच बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून त्याचा चिकट साका होतो, फेस येत नाही आणि वडी लवकर झिजते.

शाम्पू आणि बॉडी वॉश यांत पाण्याचाच भाग अधिक असतो, म्हणजे आपण प्लास्टिकच्या बाटलीत भरलेले पाणी ट्रकने घरी आणवतो. पुड्यांविषयी फार लिहायला नको: अनेक थरांची ती पुडी भंगारवालासुद्धा घेत नाही. फेसासाठी वापरले जाणारे सोडियम लॉरेथ सल्फेट नीट चालणाऱ्या सांडपाणी प्रकल्पात बव्हंशी विघटित होते. तेच सांडपाणी प्रक्रियेविना नदीत गेले, तर फेसकारक द्रव्ये माशांच्या कल्ल्यांना अपाय करतात. आळंदीला इंद्रायणीवर दिसणाऱ्या फेसाचे खापर केवळ आंघोळीवर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण कारखान्यांचे पाणी आणि कपड्यांची पावडर यांचाही त्यात हात असतो. तरीही घरची मोरी कोणत्या नाल्याला जोडलेली आहे, याची चौकशी आपण क्वचितच करतो. जंतुनाशक साबणांतील ट्रायक्लोसॅन शेवाळाला घातक आहे, आणि साध्या साबणापेक्षा ते अधिक उपयोगी असल्याचे सिद्ध न झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती वापराच्या अशा साबणांतून ते काढून टाकायला लावले.

मग रिठा आणि शिकेकाई? प्लास्टिक आणि पामतेल दोन्ही टळतात, म्हणून मी त्यांच्या बाजूची आहे. परंतु रिठ्यातील फेस आणणारे सॅपोनिन माशांना विषारी असते आणि मासे गुंगवून पकडण्यासाठी रिठ्याचा वापर परंपरेने झालेला आहे, त्यामुळे नदीकाठी बसून रिठ्याने न्हाणे निरुपद्रवी समजू नये.

न्हाणीचे पाणी परसातील अळूला आणि केळीला सोडण्याची जुनी रीत मला सर्वांत पटते, कारण साबणाचे विघटन तिथे मातीतच होते. अडचण सोडियमची आहे. काळ्या चिकण जमिनीत ते साठत गेले की माती घट्ट होऊन पाणी मुरेनासे होते, म्हणून वर्षभर एकाच आळ्यात पाणी न सोडता जागा बदलावी लागते. चांगला पाऊस झाला आणि निचरा बरा असला, तर साठलेले क्षार बरेचसे धुऊन निघतात.