तुम्ही विचारलंत म्हणून: ५००० डॉलर मिळत होते, मग त्यात वाईट काय?

हा प्रश्न मला दर अमेरिकन निवडणुकीला येतो. बडोद्यात अमेरिकन डॉक्टरांची बिलं नि क्लेम बघणारी ऑफिसं बरीच आहेत, त्यातल्याच एकात मी रात्रपाळी करत आलेय, त्यामुळे सोसायटीतल्या काकांपासून नणंदेच्या न्यू जर्सीतल्या मुलापर्यंत सगळे विचारतात की इन्शुरन्सचे पैसे सरळ लोकांना द्यायचे म्हटलं की तू एवढी का चिडतेस. २०२५ च्या शेवटी ट्रम्प यांनी कंपन्यांऐवजी थेट लोकांना पैसे द्या म्हटल्यावर तर फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालं. आणि कोणीतरी दरवेळी जॉन मॅकेनचं, म्हणजे २००८ मधे ओबामांविरुद्ध हरलेल्या रिपब्लिकन उमेदवाराचं, नाव काढतंच, की तेव्हा तो बिचारा तेच तर सांगत होता, ऐकलं नाही लोकांनी. म्हणून एकदाच नीट लिहिते.

मॅकेनचा प्लॅन थोडक्यात असा होता. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा इन्शुरन्स नोकरीतूनच येतो आणि मालक जो प्रीमियम भरतो त्यावर कामगाराला इन्कम टॅक्स लागत नाही. ही सवलत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची, सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली होती तेव्हा मालकांनी इन्शुरन्स देऊन माणसं धरून ठेवली, आणि १९५४ च्या टॅक्स कायद्यात ती पक्की झाली. मॅकेन म्हणाले ही सवलत काढा आणि त्याऐवजी एकट्या माणसाला २५०० नि कुटुंबाला ५००० डॉलरचं टॅक्स क्रेडिट द्या, म्हणजे टॅक्समधून तेवढी रक्कम वजा, आणि टॅक्स लागत नसेल त्यालाही ती द्या. पैसे हातात नव्हतेच येणार हं, सरळ इन्शुरन्स कंपनीकडे जाणार होते, उरले तर तुमच्या हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटला, म्हणजे औषधपाण्यासाठीच्या बचत खात्याला.

आता खरं सांगायचं तर पहिल्या एकदोन वर्षांचा हिशोब बऱ्याच लोकांना फायद्याचाच होता, हे मी नाकारत नाही. २००८ मधे कैसर फॅमिली फाउंडेशन या आरोग्यावर अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेत नोकरीतल्या फॅमिली पॉलिसीचा सरासरी प्रीमियम १२,६८० डॉलर होता, त्यातले कामगाराच्या खिशातून ३,३५४, बाकी मालकाचे. त्या बाकीच्या नऊ-सव्वानऊ हजारावर २५ टक्के टॅक्स धरा, तरी ५००० चं क्रेडिट जास्तच होतं. पण मालकाने इन्शुरन्स देणं बंद केलं की? ५००० घेऊन १२,६८० ची पॉलिसी घ्यायची, वरचे ७,६८० कोणी द्यायचे? अर्थतज्ज्ञ म्हणतात मालक तेवढा पगार वाढवेल, हळूहळू वाढवेलही कदाचित, पण केमोथेरपी चालू असलेला माणूस हळूहळूवर थांबू शकत नाही. आणि १९९९ मधे हाच प्रीमियम ५,७९१ होता, म्हणजे नऊ वर्षांत दुपटीच्या वर.

पण माझा मुख्य राग पैशांवर नाहीच आहे, तो आहे पॉलिसी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्यावर. तेव्हा बहुतेक राज्यांत स्वतःहून पॉलिसी घ्यायला गेलात तर कंपनी आधीची सगळी दुखणी विचारायची आणि सरळ नाही म्हणू शकायची. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीला १९९६ च्या हिपा कायद्याचं थोडं संरक्षण होतं, आधीच्या आजाराचं कारण सांगून साधारण १२ महिन्यांच्या वर अडवता यायचं नाही, आधीचं कव्हर सलग असेल तर तेही कमी. एकट्याने घेतलेल्या पॉलिसीला असं जवळपास काही नव्हतं. आणि मॅकेनचा प्लॅन लोकांना पहिल्या जागेतून उठवून नेमका दुसऱ्या जागेत पाठवत होता. म्हणजे पोराची फी सरकार देणार पण ॲडमिशन द्यायची की नाही ते शाळेच्या मर्जीवर, आणि पोरगं आजारी असेल तर शाळा नाहीच म्हणणार.

या लाइनमधे २०१४ च्या आधी ज्यांनी काम केलंय त्यांना डिनायल कोड ५१ आठवत असेल, क्लेम का नाकारला ते सांगणारा नंबर. आजार आधीपासूनचा आहे, कव्हर नाही, संपलं. शुगरवाल्याचं पायाचं बिल, दम्याच्या पोराचं इमर्जन्सीचं बिल, आम्ही इथे रात्री दोन वाजता फोन लावून विचारायचो की पॉलिसीच्या आधी ट्रीटमेंट झाल्याचा रेकॉर्ड नक्की कुठलाय, आणि पलीकडचा माणूस वाचून दाखवायचा. मला ते फोन अजून छळतात. त्या पेशंटच्या हातात कोणी ५००० डॉलर ठेवले असते तरी तो कोड बदलला नसता.

डेमोक्रॅटिक नेते जॉन एडवर्ड्स यांच्या पत्नी एलिझाबेथ एडवर्ड्स यांनी हेच तेव्हा तोंडावर सांगितलं होतं. त्यांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर होता, मॅकेनना मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, होऊन गेलेला, आणि त्या म्हणाल्या की या प्लॅनखाली बाजारात गेलो तर आम्हा दोघांनाही कव्हर मिळणार नाही. मॅकेन यांचं उत्तर होतं की ज्यांना कोणी घेत नाही त्यांच्यासाठी राज्यांबरोबर वेगळी सोय करू. पण अशी सोय होतीच ना, हाय रिस्क पूल म्हणून, तीसहून जास्त राज्यांत! सगळे मिळून माणसं जेमतेम दोन लाख, प्रीमियम नेहमीपेक्षा जास्त, कॅलिफोर्नियात वेटिंग लिस्ट, आणि फ्लोरिडाने तर १९९१ पासून नवीन माणूस घेणंच बंद केलेलं. आणि देशात विमा नसलेले होते साडेचार कोटींच्या वर.

नणंदेच्या मुलाला मी खास सांगते ते दुसऱ्या मुद्द्याचं. मॅकेनना एका राज्यातली पॉलिसी दुसऱ्या राज्यात विकू द्यायची होती. ऐकायला काय छान, कॉम्पिटिशन वाढेल. पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क अशा मोजक्या राज्यांत कायदा होता की आजारी माणसालाही पॉलिसी द्यावीच लागेल. तिथले तरुण धडधाकट लोक बाहेरच्या राज्यातली स्वस्त पॉलिसी घेऊन निघून गेले असते, मागे उरले असते फक्त आजारी, आणि त्यांचा प्रीमियम परवडण्याच्या पलीकडे. क्रेडिट कार्डात हे होऊन गेलंय, व्याजाची मर्यादा नको म्हणून सिटीबँकेने १९८१ मधे कार्डाचा धंदा साउथ डकोटात नेला आणि मग सगळ्या देशाला तिथलेच नियम. विमा कंपन्यांनीही सगळ्यात ढिला कायदा असलेलं राज्य शोधलंच असतं.

मॅकेन वाईट माणूस होते असं मी कधीच म्हटलं नाही. २०१७ च्या जुलैमधे ओबामाकेअर, म्हणजे आजारामुळे पॉलिसी नाकारायला बंदी घालणारा ओबामांचा कायदा, मोडायचं बिल सिनेटमधे आलं तेव्हा स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊन त्यांनीच ते पाडलं, तेही मेंदूच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर काही दिवसांतच. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण २००८ चा तो प्लॅन आजारी माणसाला एकटं सोडणारा होता.

आता आजचं. त्याच कायद्यामुळे २०१४ पासून अमेरिकेत आजारामुळे पॉलिसी नाकारता येत नाही, ५१ चा तो कोड मला आता क्वचितच दिसतो. म्हणून थेट पैसे देणारा पुढचा उमेदवार आला की मी रक्कम नंतर बघते, आधी बघते की त्या पैशांतून नियमाबाहेरची, म्हणजे आजारी माणसाला नाकारू शकणारी, स्वस्त पॉलिसी घ्यायची मुभा आहे का. असेल तर धडधाकट लोक तिकडे जाणार, आणि नाकारता येत नाही हा नियम कागदावर राहूनही शुगरवाल्याला तो प्रीमियम भरता येणार नाही.