वेरूळचं दहा नंबरचं लेणं आणि मामांचे वासे

मंगळवारी वेरूळ बंद असतं म्हणून बुधवारी गेलो तर आदल्या दिवशीचीही गर्दी त्यातच. दौलताबाद जाताना गाडीतूनच बघितला. लोक १६ नंबरला कैलास बघतात, सेल्फी काढतात आणि थेट पार्किंग गाठतात, दहा नंबरकडे फार थोडे वळतात, याचा मला खरंच राग येतो.

सोबत परभणीचे मामा होते. सगळी हयात सुतारकामात गेलेली, लेण्यांबद्दल कधी काही वाचलेलं नाही. आत शिरलो, समोर स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेला भव्य बुद्ध, लोक त्याचा फोटो काढून परत फिरत होते आणि मामा मात्र मान वर करून छताकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "आरं, हे तर वासे हायेत. पर दगडाला वासे कामून लागतेत?"

लागतच नाहीत! सगळं लेणं एकाच कातळात कोरलेलं, त्या कमानींवर कसलाच भार नाही. आधी असे चैत्य, म्हणजे आत स्तूप असलेली बौद्धांची प्रार्थनागृहं, लाकडाचे बांधायचे, पुढे डोंगरात कोरायला लागले तरी लाकडी घाट सुटला नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात तर दगडी छताखाली खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्यात, दोन हजार वर्षं झाली, अजून जागेवर आहेत. वेरूळचं हे लेणं सातव्या शतकातलं, इथे वासेसुद्धा दगडातच कोरले. हे सांगितल्यावर मामा एकेक वासा बोटाने मोजत पार टोकापर्यंत गेले, "गाळा बघ कसा सारखा धरलाय, आन् चुकला तर बदलायची सोय न्हाई." लोक या लेण्याला सुताराची झोपडी म्हणतात ते ऐकून तर एकदम खूश.

शेजारी एकजण बायकोला म्हणत होता, "एवढं समजून काय करायचं, डोळ्यांना छान वाटलं की बास." मला हे अजिबात पटत नाही. ते छत मी आधीही पाहिलंय, छानच वाटलं होतं, पण नजर कुठे थांबवायची ते मामांच्या प्रश्नामुळे कळलं. आणि माहिती म्हणजे गाईड घडाघडा सांगतात ते इतके लाख टन दगड वगैरे नाही हो, ते ऐकून माणूस फक्त "बापरे" म्हणतो आणि पुढे सरकतो.

नंतर कैलासात गेलो. आठव्या शतकातलं काम, वरून खाली कोरत आणलेलं. तिथे मामा मूर्ती सोडून आधी बाजूच्या कड्यावरचे छिन्नीचे घाव बघायला लागले, मीही तेच बघत बसलो. जेवायची वेळ टळून गेली. आता त्यांना कार्ल्याचं लाकूड बघायचंय, कुठलं लाकूड असेल यावर परतीच्या वाटेवर सागवानापासून सुरुवात झाली ती घर येईपर्यंत चालू होती.