गादी ते मॅट, आणि मॅटच्या पुढे

जुनी गादी टाकायची कुठे, हे विचारायला आमच्या दुकानात कधी कोणी आलं नाही. गादी चेपली, आत कापसाचे गोळे झाले की ती हातगाडीवरून आमच्याकडे यायची. आमचे पिंजारी चाचा टाके उसवायचे, कापूस बाहेर काढून उन्हात घालायचे, पिंजायचे, आणि दुसऱ्या दिवशी तोच कापूस नव्या खोळीत भरून, दाभणाने टाके घालून गादी परत घरी. वजन कमी भरलं तर किलोभर नवा कापूस, एवढाच काय तो जास्तीचा खर्च. आप्पांनी १९७८ मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेत दुकान टाकलं तेव्हापासून हे असंच चालत आलं. प्रत्येक खोळीच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, ते शाईने गादी भरल्याची तारीख लिहायचे. आईच्या लग्नातली गादी लेकीच्या बाळंतपणाला पुन्हा पिंजून नेली, अशी घरं आम्हाला माहीत आहेत.

२००३ मध्ये मी दुकानात बसायला लागले तेव्हा हे काम आटत चाललं होतं. फोमच्या गाद्या आल्या, त्या हप्त्यावर मिळायला लागल्या, आणि पिंजायला गादी पाठवणारी घरं वर्षाला कमी होत गेली. आमच्याकडे उरले ते बैठकीचे लोड, तक्के आणि झोपाळ्याच्या गाद्या.

योगाचं काम आमच्याकडे आलं ते एका शिक्षिकाबाईंमुळे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ पासून पुण्यात शिकवत होते, आणि १९७५ मध्ये शिवाजीनगरला त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. त्यांच्या पद्धतीत शरीराला आधार द्यायला लोड, विटा, पट्टे, कांबळी, घडीच्या खुर्च्या असं सगळं वापरतात. बाई त्याच पद्धतीने घरी वर्ग घ्यायच्या. म्हणाल्या, “लोड हवाय, पण टेकून बसायचा नाही, त्याच्यावर पाठ टाकून निजायचंय. मधे चेपता कामा नये.” चाचांनी तो लोड तीनदा भरला आणि तीनदा उसवला. चौथ्यांदा बाई दुकानातच फळीवर तो ठेवून त्यावर आडव्या झाल्या, पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहिल्या आणि उठून म्हणाल्या, “असे बारा द्या.” त्या दिवशी आमचा धंदा वळला. आजही आमचा लोड त्याच मापाचा आहे.

लोडापाठोपाठ लोक योगाला अंथरायची मॅट मागायला लागले. महिना-दोन महिने शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी आपापल्या मॅट घेऊन यायचे आणि जाताना सामानात मावत नाही म्हणून खोलीवरच ठेवून जायचे. घरमालकिणी त्या गुंडाळ्या घेऊन आमच्याकडे यायच्या: “बघा हो, तुमच्या कामाची आहे का.” आमची मॅटशी ओळख झाली ती अशी, जुन्यापासून. नवी मॅट आम्ही नंतर ठेवायला लागलो.

मग आलं २०१५. संयुक्त राष्ट्रांनी आदल्या डिसेंबरात २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस जाहीर केला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा, सोसायट्या, बँका सगळीकडून एकदम मागणी आली. आमच्याकडे इतका माल नव्हता. एका ठोक व्यापाऱ्याकडून मी तीनशे मॅट उचलल्या. ईव्हीएच्या, म्हणजे हलक्या फोमच्या, सहा मिलिमीटर जाड, निळ्या. आठ दिवसांत संपल्या, आणि मला फार आनंद झाला होता.

दिवाळीच्या सुमारास एक आजी आल्या. काही न बोलता त्यांनी दोन्ही तळहात काउंटरवर उघडे केले. हाताला निळा चुरा चिकटला होता. “रोज सकाळी झाडून काढते गं बाई. काल नातवाच्या तोंडात सापडला.” मी मॅट उलगडली. जिथे हात टेकतात आणि जिथे पावलं येतात, तिथे वरचा थर सुटून चुरा पडत होता. शेजारी आप्पा बसले होते. त्यांनी मॅटचा कोपरा दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि मला विचारलं, “हे पिंजता येतं का?”

येत नाही. कापूस परत कापूस होतो, तसं याचं होत नाही. त्या प्रश्नाने मी रात्रभर जागी होते. सदतीस वर्षं उभं असलेलं हे दुकान, आणि त्यातून मी सहा महिन्यांत चुरा होणारी वस्तू विकली होती. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. आम्ही ओळखीच्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून मॅट परत मागवल्या आणि पैसे दिले. सत्तरएक आल्या. त्या वर्षीचा नफा त्यात गेला. मागच्या खोलीत निळ्या गुंडाळ्यांची थप्पी छातीपर्यंत लागली.

ती तशीच पडून राहिली असती. पण त्याच हिवाळ्यात आम्ही दुकानाची फरशी बदलायला काढली. फरशी बसवणारा दादा दिवसभर गुडघ्यांवर. गुडघ्याखाली बारदानाची घडी, ती सिमेंटच्या पाण्याने ओली झालेली. दुपारी उठताना त्याला भिंत धरावी लागायची. चाचांनी आपणहून थप्पीतली एक मॅट ओढली आणि खडूने आखायला बसले. मॅटची झीज सगळीकडे सारखी नसते. अधोमुख श्वानासनात एका टोकाला तळवे, दुसऱ्या टोकाला पावलं. झिजतात ती दोन टोकं. मधला तीन फुटांचा पट्टा बहुतेक वेळा नव्यासारखा असतो. दोन फूट रुंदीच्या त्या पट्ट्यातून एक फुटाचे सहा चौकोन निघतात. चाचांनी दोन-दोन चौकोन एकावर एक ठेवून जुन्या चादरीची खोळ घातली. या मालाला दोरा नुसता घातला तर काठ फाटतो, म्हणून गादीसारखे खोळीसकट चार टाके. दादाने ते गुडघ्याखाली घेतलं आणि कामाला लागला. संध्याकाळी म्हणाला, “अजून दोन मिळतील का? आमच्यात चौघं आहेत.”

आमची खरी वाटचाल मी तिथून मोजते.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही पाटी लावली: जुनी मॅट आणा, नव्यावर शंभर रुपये कमी. मॅट कुठून घेतली हे विचारत नाही. त्याचबरोबर एक गोष्ट ठरवली, की जिला अजून आयुष्य आहे तिच्या बदल्यात नवी विकायची नाही. निम्म्या लोकांची मॅट संपलेली नसते, मळलेली असते. घामाचा आणि तेलाचा थर बसला की हात सरकतो आणि माणसाला वाटतं मॅट गेली. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं, दोन्ही बाजू, मग साबण पुरता निघेपर्यंत साधं पाणी. कोरड्या पंचावर मॅट पसरून दोन्ही एकत्र गुंडाळायचं आणि त्यावर पाय देऊन पाणी काढायचं. वाळवायची सावलीत, खुर्च्यांच्या पाठींवर आडवी. दोरीवर दुमडून घातली तर मधे कायमची घडी पडते. रबराच्या मॅटला ऊन अजिबात दाखवू नका, तडे जातात. धुण्याच्या यंत्रात तर कुठलीच नको.

धुऊनही सरकत असेल तर बघायचं. अंगठा दाबून काढल्यावर खड्डा तसाच राहतो का? हात टेकतात तिथे चकाकी आली आहे का? उजेडासमोर धरली तर पलीकडचं दिसतं का? गुंडाळी सोडल्यावर जमिनीवर भुगा पडतो का? यातलं एक जरी असेल तर बदला, विशेषतः वय साठीच्या पुढे असेल आणि उभी आसनं करत असाल तर. मनगट दुखावल्यावर मॅटचे वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात. नवी घेताना जाडी म्हणजे मऊपणा आणि मऊपणा म्हणजे चांगली, हा हिशेब करू नका. दहा-बारा मिलिमीटरच्या गुबगुबीत मॅटवर वृक्षासनात पाऊल डुगडुगतं. रोजच्या सरावाला चार ते सहा पुरे. गुडघ्याला टोचत असेल तर तिथेच जुन्या मॅटचा चौकोन घालावा.

जुनीचं घरात काय करायचं, हे लोक फार विचारतात. आमच्या घरी मिक्सरखाली, शिलाई मशिनच्या पायांखाली, कपडे धुण्याच्या यंत्राच्या चारही पायांखाली तुकडे आहेत. आवाज निम्म्याने कमी झाला. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडायला हातभर चौकोन ओट्यापाशी टांगलेला असतो. मंडईत बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी बसायला तुकडे नेतात, गडावर जाणारी मुलं सतरंजीखाली अख्खी मॅट घालतात. पण भुगा पडणारी मॅट धान्याच्या किंवा भांड्यांच्या खणात घालू नये, रांगत्या बाळाजवळ तर मुळीच नाही. पीव्हीसी प्लॅस्टिकची किंवा रबराची मॅट पॉलिश केलेल्या लाकडावर थेट ठेवली तर डाग पडतो, मधे फडकं हवं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, बंबात किंवा होळीत टाकू नका. पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू घसा आणि फुप्फुसं भाजून काढतो. अंघोळीचं पाणी तापवायला जुनी मॅट बंबात घातलेली एका घरी मी स्वतः पाहिली, आणि त्या घरातली खोकणारी मुलंही.

आषाढीच्या वारीत आळंदीची आणि देहूची पालखी पुण्यात मुक्कामाला येते, तेव्हा आमच्या पेठेत ओट्याओट्यावर माउली निजलेल्या असतात. पहिल्या वर्षी आम्ही धुतलेल्या अख्ख्या मॅट घेऊन गेलो. एका वयस्कर माउलीने हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत दिली. “एवढं लांबडं घेऊन पंढरपुरापर्यंत चालू कशी? अर्धं दे.” कातर जवळ नव्हती. मी धावत दुकानात आले, कातर घेऊन गेले आणि फूटपाथवर बसून कापत राहिले. कमरेपासून खांद्यापर्यंत पुरेल एवढा तुकडा तिने घेतला, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळला, गाठोड्याला सुतळीने बांधला आणि माझ्या पाया पडली. मी तिच्या पडले. आता दर वर्षी जेठ महिन्यातच आम्ही तीन फुटी तुकडे कापून, कडेला भोक पाडून सुतळी ओवून ठेवतो.

याच्यातूनच आमची सुती मॅट निघाली. सोलापूरला माग चालवणाऱ्या एकाकडून सतरंजीसारखी जाड वीण घेतली. धुता येते, झिजली तर पायपुसणं, मग फडकं, आणि शेवटी माती. अडचण एकच होती: गुळगुळीत फरशीवर ती सरकायची. खाली काय घालावं याचा शोध चालला होता, तेव्हा लोडवाल्या बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. अँजेला फार्मर नावाच्या, अय्यंगार गुरुजींकडे शिकलेल्या योगशिक्षिकेने जर्मनीत शिकवताना गालिच्याखाली घालायचं रबरी अस्तर कापून वर्गात वापरलं. पुढे १९८२ मध्ये तिच्या वडिलांनी ते विकायला सुरुवात केली. आजच्या चिकट मॅटचं मूळ ते. म्हणजे ही वस्तू मुळात गालिच्याखालचीच! आम्ही झिजलेल्या मॅटची टोकं कापून तीच सुती मॅटखाली घातली. सरकणं थांबलं. आता सुती मॅट घेणाऱ्याला खालचं अस्तर आम्ही जुन्यातून फुकट कापून देतो. सराव सुरू करताना तळव्यांच्या जागी पाण्याचा हलका शिपका मारला की सुताची पकडही चांगली येते.

२०२० च्या टाळेबंदीत घरोघरी मोबाइलसमोर योग सुरू झाला आणि मॅट पुरेनात. त्यातल्या कितीतरी नंतर माळ्यावर गेल्या. घट्ट गुंडाळून, रबर बँड लावून, उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली. आता त्या उतरवून लोक आणतात, उलगडल्या की घडीघडीवर भेगा. म्हणून विकताना मी मॅटच्या खालच्या बाजूला, कोपऱ्यात, मार्करने तारीख घालते. आप्पांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मार्कर माझ्या हातातून घेऊन त्यांनी अक्षर सरळ करून दिलं.

दोन ताई आता आमच्याकडे दुपारच्या वेळात चौकोन शिवतात. फरशीवाल्यांच्या जोड्या, बागकामाचे पाट, शाळेतल्या मुलांची बसकरं. परत येणाऱ्या मॅटपैकी साधारण पाचातली एक मात्र इतकी सुटलेली असते की तिचा एकही चौकोन निघत नाही. ती आम्ही कचऱ्यात देत नाही, तुकडे करून पोत्यात भरून ठेवतो. पिंजण यंत्राशेजारी अशी चार पोती उभी आहेत. गेल्या महिन्यात चाचांच्या मुलाने त्यातलं भरण अर्धं आणि जुना कापूस अर्धा घालून एक लोड भरून पाहिला. जड झाला, आणि एका बाजूला गोळा होऊन बसला. आप्पांनी त्यावर हात दाबून पाहिला आणि म्हणाले, “थर घालून भर. मिसळू नको.” परवा तो उसवला आहे. दुसरी खोळ शिवून तयार आहे.